तीन ड्रमांचा सांडपाणी संच: सोलापूरच्या मोरीला कितपत उपयोगी?

अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी गाळून परसातल्या झाडांना किंवा संडासात वापरता यावं, यासाठी 200 लिटरच्या तीन निळ्या ड्रमांचा संच प्लंबर जोडून देतात. पहिल्या ड्रममध्ये गाळ खाली बसतो, दुसऱ्यात खडी आणि वाळू असते, तिसऱ्यात गाळलेलं पाणी साठतं. वीज लागत नाही, पंप लागत नाही. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलेल्या सोलापुरात असा संच जास्तीत जास्त घरांत असावा, असं आमचं ठाम मत आहे. पण तो ज्या रूपात विकला जातो, त्या रूपात घेऊ नये. यातला पहिला ड्रम चांगला आहे, दुसरा बदल करून घ्यायला हवा, आणि तिसरा बहुतेक घरांनी काढूनच टाकावा.

पैसे देण्याआधी टेप घेऊन एक माप घ्या: मोरीच्या पाइपचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे. 200 लिटरचा ड्रम साधारण 88 ते 90 सेंटिमीटर उंच असतो. दुसऱ्या ड्रममध्ये पाणी वरून सोडायचं असेल तर पहिला ड्रम त्याहून वर, विटांच्या कट्ट्यावर बसवावा लागतो. हिशेब केला तर मोरीचं तोंड दुसऱ्या ड्रमच्या बुडापासून निदान सव्वाचार फूट वर हवं. पहिल्या मजल्यावरच्या मोरीला किंवा उंच जोत्याच्या घराला हे सहज जमतं. सोलापुरातल्या बहुतेक बैठ्या घरांच्या मोऱ्या मात्र जमिनीलगत असतात. अशा घरात संच उभा केला की पाणी ड्रममध्ये चढतच नाही, मग पंप आला, आणि पंप आला की साबणाच्या साक्याने आणि केसांनी तो अडकणार हे ठरलेलं.

बैठ्या घराला दोन मार्ग आहेत. पहिला, ड्रम जमिनीत पुरणं. हे फक्त उताराच्या जागेत करा, कारण दुसऱ्या ड्रमच्या बुडातून निघालेलं पाणी पुढे उताराने बाहेर पडायला हवं. काळ्या मातीत ड्रम थेट पुरू नये. पावसाळ्यात ही माती फुगते आणि रिकामा ड्रम दाबून चेपवते. खड्डा चारी बाजूंनी सहा इंच मोठा घ्यावा आणि ती फट मुरमाने भरावी. दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या ड्रममध्ये पाणी खालून सोडून वरून काढणं. यात पातळीचा फरक वीतभर असला तरी भागतं. पण मग त्या ड्रममध्ये वाळू भरायची नाही, फक्त खडी. पाणी खालून येत असताना वाळू तुंबली, तर तुंबलेला थर तळाशी राहतो आणि तो खरवडायला पूर्ण ड्रम उपसावा लागतो. संच जोडणारा या दोन पद्धतींपैकी कोणती देतो आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो सांगू शकला नाही, तर दुसरा माणूस बघा.

आता पाणी किती येतं ते पाहू. जलजीवन मिशनचं ग्रामीण प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, आणि त्यातलं दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश पाणी मोरीतून बाहेर पडतं असं धरलं तर 180 ते 205 लिटर होतात. संच विकणारे हाच आकडा सांगतात आणि 200 लिटरचा ड्रम पुरेल म्हणतात. सरासरी बरोबर आहे, पण आपल्याकडे पाणी सरासरीने येत नाही. ज्या दिवशी नळाला पाणी असतं, त्या दिवशी चार दिवसांचं धुणं निघतं. रोज अंघोळीचं शंभर आणि भांड्यांचं तीस-चाळीस लिटर जाणाऱ्या घरातून त्या सकाळी दोन तासांत दीडशे-दोनशे लिटर जादा पाणी सुटतं. गाळणीची खरी परीक्षा त्या दोन तासांत होते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ती जवळपास आरामात असते.

म्हणून दोन गोष्टी आधीच करून घ्या. पहिल्या ड्रममधून दुसऱ्यात जाणाऱ्या पाइपवर एक बॉल व्हॉल्व्ह असावा आणि तो पाव ते अर्धाच उघडा ठेवावा. म्हणजे पाण्याचा लोंढा पहिला ड्रम झेलतो आणि वाळूवर पाणी बेताबेताने पडतं. हा निकास ड्रमच्या साधारण मध्यावर ठेवावा. वरचा निम्मा भाग लोंढा झेलायला, खालचा गाळ बसायला. दुसरं, पहिल्या ड्रमच्या अगदी वरच्या कडेशी 50 मिलिमीटरचा ओव्हरफ्लो पाइप हवा आणि त्याचं तोंड शोषखड्ड्यात किंवा गटारीत सोडलेलं असावं. ओव्हरफ्लो नसलेला संच धुण्याच्या दिवशी अंगणात वाहतो. मग घरातलं कुणीतरी वैतागून मोरीचा पाइप काढून पूर्वीसारखा गटारीत सोडतं आणि ड्रम कोपऱ्यात पडून राहतात. वॉशिंग मशीन असेल तर हे आणखी गरजेचं, कारण मशीन तीस ते साठ लिटर पाणी काही मिनिटांत बाहेर फेकतं.

पहिल्या ड्रमच्या तोंडाशी जाळी येते. संचात बहुधा मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा रबराने बांधलेला असतो, तो दोन दिवसांत तुंबतो. सोलापुरात घरोघरी टॉवेल आणि चादरी, त्यातही नवीन सुती माल पहिल्या चार-पाच धुण्यांत भरपूर तंतू आणि खळ सोडतो. केस आणि हे तंतू एकत्र वळून घट्ट बोळा होतो. दोन जाळ्या लावा: मोरीतच स्टीलची भोकाची वाटी, आणि ड्रमच्या तोंडाशी पाच लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून तिच्यात नारळाच्या काथ्या किंवा प्लॅस्टिकची खडबडीत जाळी. बादली उचलून झटकली की झालं.

पाणी ड्रममध्ये येतं तिथे आत एक टी (इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड) जोडून त्याचा पाय पाण्याखाली फूटभर उतरवलेला असावा, आणि बाहेर जातं तिथेही तसाच. त्यामुळे वर तरंगणारा साका आणि खाली बसलेला गाळ, दोन्ही ड्रममध्येच राहतात. चांगल्या जोडणाऱ्याची ओळख या दोन टींवरून होते. नुसतं भोक पाडून सरळ पाइप घातलेला असेल, तर पहिला ड्रम असून नसल्यासारखा. बुडाशी गाळ काढायला 50 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह हवा. अर्ध्या इंचाच्या नळातून गाळ निघत नाही.

साक्याविषयी थोडं जास्त सांगायला हवं. सोलापूरच्या अनेक भागांत बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात अंघोळीचा साबण पूर्ण विरघळत नाही. पाण्यातल्या चुन्याशी त्याचा संयोग होऊन पांढरट, चिकट साका होतो. वाळूचं तोंड बंद करण्यात तेलाखालोखाल याचा नंबर. नळाचं पाणी वापरणाऱ्या घराला गाळणी महिन्याने साफ करावी लागत असेल, तर बोअरवर अंघोळ करणाऱ्या घराला ती पंधरवड्यातच करावी लागेल. स्वस्त धुण्याच्या वड्यांमध्ये वजन वाढवायला पांढरी मातीही असते, तीही पहिल्या ड्रममध्ये बसते. गाळ लवकर भरला म्हणून संचाला दोष देण्याआधी साबण पाहा.

भांड्यांचं पाणी या संचात घेऊ नये. विक्रेते घेऊ शकता म्हणून सांगतात, पण आमचं उत्तर नाही असंच आहे. शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, शेंगाचटणी, तेलाची फोडणी: सोलापुरी स्वयंपाकाच्या खरकट्यात तेल भरपूर असतं, आणि ते वाळूच्या कणांवर लेप धरून बसतं. शिवाय अन्नाचे कण कुजून वास सुरू होतो. भांड्यांचं पाणी घ्यायचंच असेल तर वेगळा ग्रीस ट्रॅप लागतो: निदान 30 लिटरची झाकणाची बादली, आत येताना आणि बाहेर जाताना पाण्याखाली बुडालेले पाइप, आणि आठवड्याला वरचा तवंग काढणारा माणूस. तो माणूस घरात नसेल तर भांडी राखेने किंवा कागदाने आधी पुसा आणि ते पाणी थेट केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात पालापाचोळ्यावर ओता.

आता दुसरा ड्रम, म्हणजे मुख्य गाळणी. वरून खाली पाणी जाणाऱ्या ड्रमचे थर असे: तळाशी 40 मिलिमीटरची खडी 15 सेंटिमीटर, त्यावर 20 मिलिमीटरची 10 सेंटिमीटर, त्यावर 6 मिलिमीटरची कच 10 सेंटिमीटर, आणि वर 1 ते 2 मिलिमीटरची जाड वाळू 40 सेंटिमीटर. एकूण 75. वर चार-पाच इंच जागा मोकळी राहते. ड्रमचा व्यास 57 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे वाळू साधारण 100 लिटर, वजनात 160 किलो, आणि तिन्ही प्रकारची खडी मिळून 90 लिटर, सुमारे 135 किलो. यात पाणी धरा की ड्रम चारशे किलोंच्या घरात जातो. तो फरशीच्या तुकड्यांवर टेकवलेला चालत नाही, खालचा कट्टा पक्का हवा. गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.

खडी आपल्याकडच्या काळ्या दगडाची असते, ती उत्तम. चुनखडीची खडी किंवा चुनखडीचा मुरूम घेऊ नये, पाणी आणखी जड होतं. वाळू हा खरा अडचणीचा माल. नदीची चाळलेली वाळू सहज मिळत नाही, म्हणून दगड भरडून केलेली क्रश सँड भरली जाते. क्रश सँड चालते, पण तिच्यातली डस्ट धुऊन काढली तरच. घमेल्यात वाळू घ्या, पाणी ओता, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा करा. त्यालाच बरंच पाणी लागतं, त्यामुळे हे काम पाणी सुटण्याच्या दिवशी करा आणि निघालेलं पाणी झाडाला घाला. जोडणारे ही पायरी हमखास गाळतात. न धुतलेल्या क्रश सँडची डस्ट खाली उतरून कचेच्या थरात घट्ट बसते, आणि आठवड्याभरातच वाळूवर पाणी उभं राहायला लागतं. वरची वाळू खरवडून तेव्हा काही उपयोग होत नाही, कारण अडथळा खाली आहे. सगळा ड्रम उपसावा लागतो.

तळाचा निकास म्हणून 32 मिलिमीटरच्या पाइपला भोकं पाडून तो ड्रमच्या बुडाशी आडवा ठेवतात. भोकं 6 ते 8 मिलिमीटरची आणि खालच्या बाजूला तोंड करून असावीत. या पाइपवर मच्छरदाणी गुंडाळायची पद्धत आहे, ती मोडायला हवी. जाळीवर बुळबुळीत थर धरतो आणि तिथेच पाणी अडतं. खडीचे थर नीट उतरत्या मापाचे असतील तर वाळू पाइपपर्यंत पोचतच नाही, जाळीची गरजच पडत नाही.

ड्रमच्या गुळगुळीत भिंतीलगत पाणी वाळूतून न जाता सरळ खाली घसरतं. त्यावर सोपा इलाज आहे. वाळू भरण्याआधी ड्रमच्या आतल्या बाजूला खडबडीत पॉलिश पेपरने ओरखडे काढा, आणि पाणी जिथे पडतं तिथे मध्यभागी एक शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. फरशीवर पडून पाणी पसरतं, वाळूत खड्डा पडत नाही. टँक निपलजवळ (ड्रमच्या भिंतीत पाइप बसवायचा जोड) गळती हमखास होते, कारण ड्रमची भिंत वक्र असते आणि गॅसकेट सपाट. निपल ड्रमच्या कमीत कमी गोलाई असलेल्या भागात घ्यावं, गॅसकेट आतून लावावं, आणि वाळू भरण्याआधी ड्रम एक रात्र पाण्याने भरून ठेवून पाहावा. भरल्यावर गळती सापडली तर तीनशे किलो माल बाहेर काढावा लागतो.

कोळशाचा थर काही संचांत मिळतो. नवीन असताना वास आणि थोडा रंग कमी करतो, नंतर इतर थरांसारखाच तुंबतो. त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

ड्रम कुठून आणला आहे, हे मात्र नक्की विचारा. जुन्या बाजारातले अनेक ड्रम कारखान्यांतून आलेले असतात आणि त्यांत रंग, आम्ल किंवा कीटकनाशक असू शकतं. खाद्यतेलाचे, सिरपचे किंवा फळांच्या गराचे ड्रमच घ्या, लेबल शाबूत असलेले. उन्हात तीन-चार वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं, म्हणून ड्रम सावलीत ठेवा किंवा बाहेरून चुना लावा.

आता तिसरा ड्रम. पाणी साठवून ठेवणं सोलापूरकरांच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. बॅरल, घागरी, टाक्या, भरेल ते भरून ठेवायचं. गाळलेलं मोरीचं पाणी दिसायला बरं झालं की तेही तसंच भरून ठेवावंसं वाटतं, आणि संच विकणारे झाकण आणि नळासह तो ड्रम दाखवून तेवढ्यासाठीच गिऱ्हाईक पटवतात. पण या पाण्यात विरघळलेला साबण, घाम, मळ शिल्लक असतो. तो खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि त्यानंतर सडक्या अंड्याचा वास येणारा वायू तयार होऊ लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना याला पूर्ण दिवसही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सांडपाण्याच्या पुनर्वापरात आरोग्याचा धोका कुठे आहे आणि तो कसा रोखायचा, यावरच भर आहे. इथे नियम सोपा: गाळलेलं पाणी 24 तासांच्या आत जमिनीत किंवा संडासात गेलंच पाहिजे. झाकण सैल असेल तर डासांची पैदास वेगळीच.

तिसरा ड्रम ठेवायचा असेल तर संडासासाठी, आणि रोज रात्री रिकामा होईल एवढाच. मग 200 ऐवजी 50 ते 60 लिटरची बादली पुरे. झाडांना पाणी द्यायचं असेल तर दुसऱ्या ड्रमच्या निकासाला थेट 32 मिलिमीटरचा पाइप जोडा, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्या आणि पाणी झाडाच्या आळ्यात सोडा. मध्ये नळ नको, पाणी अडवून साठवायची सोयच नको. दोन-तीन झाडांत वाटायचं असेल तर टी लावून आपोआप समान वाटप होईल अशी अपेक्षा धरू नका. लवचिक नळी रोज एका आळ्यातून दुसऱ्यात हलवणं जास्त भरवशाचं.

गाळलेल्या पाण्याकडून नेमकी अपेक्षा काय ठेवायची? गढूळपणा डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो, तंतू आणि साका थांबतो, वास थोडा उतरतो. विरघळलेला साबण बराचसा तसाच जातो, मीठ तर सगळंच गाळणीतून पुढे जातं, रोगजंतूही पुरते मरत नाहीत. लहान बाळाचे कपडे धुतलेल्या पाण्यात विष्ठेतले जंतू असतात, ते पाणी या संचात सोडूच नका. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर लावून पाणी शुद्ध झालं असं कुणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका. वाळू टीडीएस कमी करत नाही, आणि टीडीएसवरून जंतू कळत नाहीत. घरी करण्याजोगी चाचणी वेगळी आहे. गाळलेलं पाणी बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण लावा, सावलीत एक दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. उग्र वास आला तर गाळणी अजून पुरेशी काम करत नाही, किंवा भांड्यांचं पाणी कुठून तरी शिरतं आहे.

यावरून वापराच्या मर्यादाही ठरतात. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कच्च्या खायच्या कोणत्याही भाजीला हे पाणी नको. नारळ, चिकू, शेवगा, केळी, पपई यांना मुळाशी चालतं. लिंबू खारट पाण्याला नाजूक आहे, त्याला टाळा. फवाऱ्याने कुठेही देऊ नका. संडासात वापर हा सर्वांत निर्धोक मार्ग: युनिसेफ आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांमध्ये अंघोळीचं पाणी खडी-वाळूतून गाळून संडासात वापरण्याची पद्धत उभी केली आणि 2007 मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. या ड्रमांच्या संचाचं मूळ तत्त्व तेच. फक्त हे पाणी कधीही छतावरच्या टाकीत चढवू नका, पिण्याच्या लाइनशी एका चुकीच्या जोडाने ते मिसळू शकतं.

झाडांना वापरताना सोलापुरात सगळ्यात मोठा धोका मातीचा आहे. धुण्याच्या पावडरीत सोडा आणि सोडियमचे इतर क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठत गेलं की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि पाणी मुरणं बंद. शेतकरी त्याला चोपण जमीन म्हणतात. गाळणी कितीही चांगली असली तरी सोडियम थांबवत नाही, त्यामुळे उपाय साबणातच करावा लागतो. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा वेगळा घालू नका, पावडरीऐवजी द्रव साबण वापरा, पावडर चमच्याने मोजून घाला. पीएच पट्टीने धुण्याचं पाणी तपासा. 9 च्या वर येत असेल तर ते पाणी संडासात जाऊ द्या आणि झाडांना फक्त अंघोळीचं द्या.

माती बिघडते आहे का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आळ्यातलं वाळलेलं ढेकूळ, हरभऱ्याएवढं, काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता दोन तास ठेवा. ढेकूळ नुसतं फुटलं तर ठीक. भोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर सोडियम वाढलं आहे. मग काही महिने झाडाला हे पाणी बंद करून, माती तपासून, आळ्याला दर चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम जिप्सम मिसळावं, पावसाळ्याच्या आधी. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये पडतो, त्या पाण्याने क्षार खाली धुऊन जातात. म्हणूनच पावसाळ्याचे चार महिने संचाचं पाणी झाडाकडे न पाठवता शोषखड्ड्यात वळवण्यासाठी एक टी आणि दोन व्हॉल्व्ह आधीच बसवून घ्या.

आळं कसं करायचं यालाही महत्त्व आहे. खोडाला लागून पाणी नको. फांद्यांच्या घेराखाली गोल चर, फूटभर खोल आणि तेवढाच रुंद, खणा आणि उसाच्या पाचटाने किंवा नारळाच्या सोडणांनी भरा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाचट कमी नाही. पाणी पाचटाखाली उतरलं पाहिजे, वर तरंगता कामा नये. पाचट कुजून बसतं, वर्षातून दोनदा नवीन भरावं लागतं.

शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर उपयोग नाही, मुरूम लागेपर्यंत खणावा. नांदेड पॅटर्नचा चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एका घराच्या ओव्हरफ्लोला पुरतो. बोअरपासून निदान 15 मीटर अंतर राखा.

ज्यांच्याकडे परसात तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा आहे, त्यांना आम्ही दुसऱ्या ड्रमऐवजी कर्दळीचा वाफा सुचवू. जमिनीलगतच्या मोरीला तो जास्त जुळतो, कारण पाण्याला उंचीवरून पडावं लागत नाही. हिशेब असा: रोज 200 लिटर पाणी तीन दिवस आत राहायला 600 लिटर पोकळी हवी, खडीत पोकळी चाळीस टक्के धरली तर दीड घनमीटर खडी, म्हणजे तीन चौरस मीटर वाफा अर्धा मीटर खोल. तळाला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद घाला. डाळिंबाच्या भागात, सांगोला-मंगळवेढ्याकडे, त्याचे उरलेले तुकडे सहज मिळतात. 20 मिलिमीटरची खडी भरा, दोन्ही टोकांना पाव मीटर 40 मिलिमीटरची. पाण्याची पातळी खडीच्या दोन इंच खाली राहील असा निकासाचा एल्बो (काटकोनी जोड) वळवा, म्हणजे डास होत नाहीत. कर्दळ दर फुटाला एक, सोबत वाळा चालतो. अळू लावलं तर ते खाऊ नका. पहिले दोन महिने मुळं पसरेपर्यंत वाफा नुसती खडीची गाळणी असतो, तेवढा धीर धरावा लागतो. आधी पहिला ड्रम मात्र हवाच, नाहीतर वाफ्याचं पहिलं टोक तंतूंनी बुजतं.

चाळीसाठी किंवा दहा घरांच्या ओळीसाठी मोठा ड्रम घेऊन भागत नाही. रोजचं पाणी दोन हजार लिटरवर जातं, वाफा तीस चौरस मीटरचा लागतो, आणि गाळाची विटांची टाकी दोन कप्प्यांची हवी, म्हणजे एक साफ करताना दुसरा चालू राहतो. सामायिक संच बंद पडतात ते बांधकामामुळे क्वचितच. कुणी एका घराने भांड्यांचं पाणी सोडलं, कुणी फिनेल आणि ॲसिड ओतलं, आणि बादली झटकायची पाळी कुणाचीच नव्हती, तर सहा महिन्यांत सगळं गटारीत. बांधायच्या आधी पाळीची यादी भिंतीवर लावा आणि गाळ काढणाऱ्याला मजुरी ठरवून द्या.

देखभालीचं वेळापत्रक असं ठेवा: जाळीची बादली दर दोन दिवसांनी. पहिल्या ड्रमचा गाळ महिन्याला, कंपोस्टच्या खड्ड्यात. वाळूवर पाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहू लागलं की वरचा तीन ते पाच सेंटिमीटर थर खरवडा, धुवा, उन्हात वाळवा, परत घाला. वाळू कमी होत जाते, दोन-तीन घमेली राखीव ठेवा. फिनेल, ब्लीचिंग किंवा हेअर डायचं पाणी असेल त्या दिवशी मोरीचं पाणी संचात न सोडता थेट गटारीत जाऊ द्या. वाळूवरचा जिवाणूंचा थर मेला तर पुन्हा जमायला दोन आठवडे जातात.

किमतीचा भाव दुकानागणिक वेगळा असतो, म्हणून सरळ पद्धत वापरा. दोन ड्रम, सहा टँक निपल, चार बॉल व्हॉल्व्ह, 50 आणि 32 मिलिमीटरचा लागेल तेवढा पाइप, 90 लिटर खडी, 100 लिटर वाळू, विटा-सिमेंट, एवढ्या मालाची यादी घेऊन हार्डवेअरवाल्याकडून भाव काढा. तयार संचाची किंमत त्याच्या दीडपटीपर्यंत असेल तर जोडणीचे पैसे योग्य आहेत. दुपटीवर गेली तर माल स्वतः आणा आणि प्लंबरला फक्त मजुरी द्या. कोणत्याही प्रकारे घेतलात तरी शेवटचा हप्ता हातात ठेवा, एक धुण्याचा दिवस जाऊ द्या, ओव्हरफ्लोमधून किती पाणी गेलं ते पाहा, आणि मगच पैसे द्या.